पांढरे ठिपके दिसले म्हणजे रोग कळला?

माशांची टाकी ठेवणाऱ्याला 'इक' वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके येतात, मासा दगडाला अंग घासत सुटतो, आणि बघता बघता टाकी रिकामी होऊ शकते. विज्ञानाच्या इतिहासात संशोधन करायचा विचार असेल तर हा रोग जरूर अभ्यासा. जुन्या नोंदी वाचताना आपण कुठे फसतो ते तो चांगलं दाखवतो.

१८६९ साली हिल्गेनडॉर्फ आणि पाउलिकी या जर्मन अभ्यासकांनी गोड्या पाण्यातल्या माशांच्या कातडीवरच्या या परजीवीचं वर्णन केलं. १८७६ मध्ये फ्रान्सच्या फूके यांनी त्याचं नाव ठेवलं इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस, म्हणजे साधारण 'पुष्कळ पोरांची, माशावरची ऊ'. नाव गमतीचं, पण सगळी गोम त्यातच आहे. कातडीखाली वाढलेला परजीवी मासा सोडतो, तळाशी जाऊन स्वतःभोवती कवच करतो, आत विभागत विभागत त्याची शेकडो पिल्लं होतात. ती पोहत नवा मासा शोधतात; दोनेक दिवसांत मिळाला नाही तर मरतात.

आता हे नीट बघा. बहुतेक औषधं लागू पडतात ती या पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीखालचा परजीवी आणि कवचातला, दोघंही बऱ्यापैकी सुरक्षित. उलट काहीच औषध केलं नाही तरी ठिपके गळणारच, कारण परजीवीला बाहेर पडायचंच असतं. त्यामुळे 'औषध घातलं, चौथ्या दिवशी ठिपके गेले' ही नोंद कितीही प्रामाणिक असली तरी औषधाचा पुरावा होत नाही. लिहिणाऱ्याने पुढे किती दिवस लक्ष ठेवलं? पाणी किती गार होतं? (२५ अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत उरकतं, गार पाण्यात कित्येक आठवडे चालतं.) शिवाय एकदा वाचलेल्या माशात प्रतिकारशक्ती येते, तिचं श्रेयही बाटलीलाच जातं.

बाटलीतला मॅलाकाइट ग्रीन हा मुळात रंग. ऑटो फिशर यांनी तो १८७७ मध्ये बनवला. माशांच्या बुरशीवर तो वापरल्याचा लेख १९३६ चा, आणि फॉर्मलिनसोबतचं मिश्रण लेटो आणि मायर यांनी १९७२ मध्ये मांडलं. खाण्याच्या माशांसाठी आता त्यावर अनेक देशांत बंदी आहे.

आणखी मागे जायचा मोह होतोच. चीनमधल्या सोंग काळच्या सू शी यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका ग्रंथात बारीक होऊन पांढरे ठिपके येणाऱ्या माशांचा उल्लेख आहे. त्यालाही 'ऊ'च म्हटलंय, उपाय म्हणून पाण्यात झाडाची साल टाकायची. लगेच 'इकची पहिली नोंद' असं लिहून मोकळे होऊ नका. माशांवर खरीखुरी उवांसारखी कवचधारी जनावरंही असतात, आणि विणीच्या काळात नर सोनमाशाच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे दाणे येतात, तो तर रोगसुद्धा नव्हे. खात्री करायची तर कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, आणि घोड्याच्या नालेसारखं केंद्रक असलेला, सावकाश गोल फिरणारा जीव दिसतो का ते बघायचं. ग्रंथातल्या माशाची कातडी खरवडता येत नाही, म्हणून माझ्या टिपणांत तो उल्लेख 'पांढरे ठिपके' एवढ्याच नावाखाली आहे.