दीड दिवसाची चाल

१९ सप्टेंबर १७३७ च्या पहाटे उत्तर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीत, राइट्सटाउन गावाजवळ तीन माणसे चालायला सज्ज होऊन उभी होती. एक माणूस दीड दिवसात जेवढा चालेल तेवढी जमीन तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांच्या वाडवडिलांनी १६८६ साली वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याला दिली, असे वसाहतीच्या मालकांचे म्हणणे होते. त्या दस्ताची सह्या केलेली मूळ प्रत कधीच पुढे आली नाही. लेनापेंच्या लेखी चालणे म्हणजे चालणे: नदीच्या कडेने जायचे, दुपारी झाडाखाली टेकायचे, चिलीम ओढायची, पुन्हा निघायचे. पेनच्या मुलांनी मात्र आधीच माणसे लावून रानातली वाट साफ करून घेतली, पंचक्रोशीतले चपळ गडी हुडकले आणि सर्वांत लांब जाईल त्याला ५ पौंड आणि ५०० एकर जमीन कबूल केली. दोघे वाटेतच गळाले. तिसरा, एडवर्ड मार्शल, दुसऱ्या दिवशी दुपारी थांबला तेव्हा त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास मजल मारली होती. तिथून डेलावेअर नदीपर्यंत रेघ मारायची होती. तीही जवळच्या काठाकडे न नेता अशी तिरपी नेली, की आणखी मुलूख आत यावा. सुमारे १,२०० चौरस मैल जमीन लेनापेंच्या हातून गेली.

ब्रिटिश आणि फ्रेंच यांच्यातले उत्तर अमेरिकेतले सरहद्दीचे युद्ध बहुतेक पुस्तकांत १७५४ च्या मे महिन्यात सुरू होते. बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन सेनेका सरदार तनाग्रिसन याच्यासह एका घळीत फ्रेंच तुकडीवर छापा घालतो, फ्रेंच अधिकारी जुमोनव्हिल मारला जातो आणि पुढे सात वर्षांचे युद्ध पेटते. घटना खरी आहे. पण युद्धाचे मूळ शोधायचे तर मार्शलच्या पावलांमागून जावे लागते, कारण त्या मुलखातून उठवलेल्या लेनापेंपैकी अनेक कुटुंबे पश्चिमेला सरकत डोंगरापलीकडे ओहायोच्या खोऱ्यात पोहोचली होती. नेमक्या त्याच खोऱ्यावर आता दोन राजांची नजर पडली होती.

फ्रेंचांनी १७४९ साली सेलोरॉन या अधिकाऱ्याला पाठवून नदीकाठी शिशाचे पत्रे पुरले. हा मुलूख पंधराव्या लुईचा, असे त्यांवर कोरलेले होते. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने व्हर्जिनियातल्या ओहायो कंपनीला तिथली २ लाख एकर जमीन देऊ केली. त्या जमिनीवर राहणाऱ्यांना ना पत्रे पुरणाऱ्यांनी विचारले, ना सनद देणाऱ्यांनी. मराठीत या सगळ्या समाजांना सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणण्याची सवय आहे. ती सोडायला हवी. लेनापे, शॉनी, सेनेका, ओटावा यांच्या भाषा वेगळ्या, सभा वेगळ्या, आपसातली वैरे आणि तहही वेगळे.

१७५५ साली ब्रिटिश जनरल ब्रॅडॉक मोठी फौज घेऊन फ्रेंचांच्या फोर्ट ड्युकेनवर निघाला. आलेघेनी आणि मोनाँगहेला या नद्यांच्या संगमावरचा हा कोट म्हणजे ओहायोच्या खोऱ्याची किल्ली. वाटेत लेनापे प्रमुख शिंगास त्याला भेटला. शिंगासने पुढे एका इंग्रज कैद्याला या भेटीची हकिगत सांगितली. तुम्ही फ्रेंचांना हाकलले तर या जमिनीचे काय करणार, असे त्याने विचारले होते. इथे इंग्रज राहतील, रानटी माणसाला जमिनीचा वारसा मिळणार नाही, असे उत्तर ब्रॅडॉकने दिले. मग आम्हीही लढणार नाही, असे सांगून शिंगास उठला.

९ जुलैला मोनाँगहेला ओलांडून पुढे आलेल्या ब्रॅडॉकच्या सुमारे १,३०० सैनिकांना फ्रेंच पक्षाच्या जेमतेम ९०० माणसांनी गाठले. त्यांतले सहाशेहून अधिक मूळ रहिवासी योद्धे होते. झाडांआडून येणाऱ्या गोळ्यांसमोर लाल डगल्यांच्या रांगा ढासळल्या, निम्म्याहून जास्त माणसे मेली किंवा जखमी झाली, ब्रॅडॉकलाही प्राणघातक जखम झाली. त्यानंतर शिंगासच्या लोकांनी पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरच्या वस्त्या जाळल्या. त्यांत शेतकऱ्यांची बायकामुलेही मेली. वसाहतीने शिंगासच्या डोक्यावर इनाम लावले.

तरीही संगमावरचा तो कोट शेवटी पडला तो बोलण्यांमुळे. १७५८ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक पोस्ट नावाचा मोरावियन मिशनरी, मूळचा सुतार, शिंगासचा भाऊ पिस्केटोमेन याच्या सोबतीने शत्रूच्या मुलखात शिरला. फ्रेंच कोटाच्या समोरच त्याची लेनापेंशी बोलणी झाली. तिथेही प्रश्न तोच निघाला: तुम्ही दोघे आमच्या जमिनीवर का लढता? ऑक्टोबरमध्ये ईस्टन गावी तहाच्या बोलण्यांसाठी मूळ रहिवाशांच्या तेरा राष्ट्रांचे पाचशेहून अधिक लोक जमले. शिंपल्यांच्या मण्यांचे वॅम्पम पट्टे हातोहाती फिरले. तिथे ते पट्टे म्हणजेच शब्द, पट्ट्याशिवाय बोललेले कुणी जमेस धरत नसे. पेन घराण्याने चार वर्षांपूर्वी लिहून घेतलेली डोंगरापलीकडची जमीन परत केली. जुन्या दीड दिवसाच्या चालीची तक्रार मात्र लंडनकडे ढकलण्यात आली.

ओहायोच्या लेनापेंनी हत्यार खाली ठेवले आणि महिन्याभरात, २४ नोव्हेंबरला, एकाकी पडलेल्या फ्रेंचांनी आपला कोट स्वतःच उडवून दिला. दुसऱ्या दिवशी आजारी ब्रिटिश जनरल फोर्ब्स डोलीतून तिथे पोहोचला. आता डोंगरापलीकडे परत जा, असे लेनापे प्रमुखांनी इंग्रजांना सांगितले. इंग्रजांनी तिथे पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा फोर्ट पिट बांधायला घेतला.

हेच युद्ध भारतातही चालू होते. पानिपत झाले त्याच आठवड्यात, जानेवारी १७६१ मध्ये, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. १७६३ च्या पॅरिस तहाने ती फ्रान्सला परत मिळाली, तर ओहायोचे खोरे ब्रिटनकडे गेले. त्या तहाच्या टेबलाशी एकही लेनापे, शॉनी वा ओटावा नव्हता. त्यांना बातमी कळली ती, फ्रेंच ‘बाप’ तुमची जमीन देऊन गेला, अशी. त्यातच ब्रिटिश जनरल ॲमहर्स्टने या समाजांना भेटवस्तू देण्याची प्रथा आणि बंदुकीची दारू आखडती घेतली होती. त्या वसंतात ओटावा नेता पाँटिअ‍ॅक डेट्रॉइटवर चालून गेला आणि सरहद्दीवरचे आठ कोट एकापाठोपाठ पडले.

फोर्ट पिटलाही वेढा होता आणि आत देवीची साथ. २४ जूनला दोन लेनापे दूत, कोट सोडून जा, असे सांगायला आले. परतताना त्यांना भेट म्हणून देवीच्या दवाखान्यातली दोन ब्लँकेटे आणि एक रुमाल देण्यात आला. व्यापारी विल्यम ट्रेंटने रोजनिशीत हे लिहिले आणि परिणाम व्हावा अशी आशाही नोंदवली. त्या भागात देवी आधीपासून होती, म्हणून या ब्लँकेटांचे बळी वेगळे मोजता येत नाहीत. हेतूचा पुरावा मात्र हिशेबाच्या कागदावर आहे. ट्रेंटच्या पेढीने या वस्तूंचे बिल सैन्याला लावले, त्यात त्या इंडियनांपर्यंत देवी पोहोचवण्यासाठी वापरल्याचे लिहिले आणि वरिष्ठांनी ते मंजूर केले.

लेनापे पुढेही ढकलले जात राहिले. त्यांचे बरेच वंशज आज ओक्लाहोमात राहतात. २००४ साली त्यांच्यातल्या डेलावेअर नेशनने १७३७ च्या चालीत गेलेल्या जमिनीपैकी ३१५ एकरांसाठी पेनसिल्व्हेनियात दावा लावला. संघीय न्यायालयाने तो फेटाळला, २००६ साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला. व्यवहारात लबाडी झाली असे धरले तरी लेनापेंचा त्या जमिनीवरचा मूळ हक्क संपलाच, असे न्यायालयाचे म्हणणे होते.