लशीचा खर्च कुणाच्या वहीत?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबईने या रोगावरचे दोन तऱ्हेचे खर्च पाहिले. पहिला घरझडतीचा, रेल्वेवरच्या तपासणीचा, रोग्याला उचलून नेण्याचा. त्यातले पगार आणि जंतुनाशके सरकारी वहीत मांडता येत; पण २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, त्यामागची भीती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. आत गेलेला माणूस परत येत नाही, असे लोकांच्या मनाने एकदा घेतले की घरोघरी आजारी लपवले जातात, आणि ते शोधायला आणखी शिपाई लागतात. जबरदस्तीचा खर्च असा स्वतःच वाढत जातो.

दुसरा खर्च ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत होत होता. तिथे जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन बकऱ्याच्या मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवत. गोमांस किंवा डुकराचे मांस त्यात नव्हते, ही काळजीही खर्चातच धरायला हवी. वर तुपाचे थेंब तरंगत आणि त्यांच्याखाली जंतूंचे धागे झुंबरासारखे लोंबत. ते उष्णतेने मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात लस न घेतलेल्या १७२ कैद्यांपैकी १२ आजारी पडले, ६ दगावले; घेतलेल्या १४७ पैकी २ आजारी पडले, दगावले कुणीच नाही. आकडे लहान आहेत आणि कैद्याच्या संमतीला कितपत संमती म्हणावे हा प्रश्न रास्तच आहे. तरी एकच छप्पर, एकच अन्न, म्हणून ही तुलना मोलाची ठरते.

लस स्वस्त होती, असे म्हटले की लगेच सांगितले जाते की तिचा असर काही महिनेच टिके आणि टोचल्यावर सडकून ताप येई. खरे आहे. रोजंदारीवरच्या माणसाला तो ताप म्हणजे बुडालेली मजुरी. सरकारला स्वस्त पडलेली लस त्याला महागच पडे. मात्र यावरून लस वाया गेली असे ठरत नाही. बुडालेला रोज भरून देणे हा लसीकरणाचाच खर्च होता, एवढेच ठरते. उंदरांचा बंदोबस्त आणि हवेशीर घरे हवीच होती, पण चाळी नव्याने बांधायला वर्षे लागतात, आणि साथ तेवढी थांबत नाही.

लशीची आणखी एक किंमत खुद्द हाफकिनांनी मोजली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनांवर आला. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, म्हणजे दोष प्रयोगशाळेतला नव्हता, हे पुढे आले. पण हाफकिन दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडले. मुंबईतल्या त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.