उधारीची वही

 

आपल्या अंजनवेलीत, वेलदूरला, धोपाव्याला, कुठल्याही वाडीत जा, घरटी एक तरी माणूस मुंबईला गेलेला असतो. तो कसा गेला, कुणाच्या ओळखीने गिरणीत लागला, कुठल्या चाळीत राहिला, हे आपण पोराबाळांना सांगतो. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. तो मुंबईला उतरला तेव्हा खिशात पैसे नव्हते. पहिला पगार हातात पडेपर्यंत त्याला जेवू कुणी घातलं?

हा इतिहास त्या बाईचा आहे.

आधी माणसं का गेली ते बघू. आपली जमीन डोंगरउताराची, तुकड्या-तुकड्यांची. पावसाळ्यात भात, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि त्यातलाही वाटा खोताला. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर. तोवर कुळाच्या घरात शिमग्यापर्यंत दाणे पुरले तरी खूप. मग गडी माणसं दाभोळ बंदरातून बोटीने मुंबईची वाट धरायची. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून जास्त माणसं मोजली गेली. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात धरून. एवढी माणसं मुंबईत दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातून आली नव्हती.

बाया मागे राहिल्या. लावणी, कापणी, गुरं, सासू-सासरे, खोताची दारी, सगळं त्यांच्याकडे. पोस्टाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि पुढे शंभर वर्षं कोकणातली चूल त्या कागदाकडे बघत राहिली. आजही आपल्या जिल्ह्यात बायांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे. २०११ च्या मोजणीत हजार पुरुषांमागे अकराशेच्या वर बाया निघाल्या. एवढ्या आकड्यात आपल्या जिल्ह्याची कहाणी आली.

आता मुंबईला उतरलेल्या त्या गड्याकडे येऊ. गिरणीत शिरायचं तर जॉबर, म्हणजे मुकादम, ओळखीचा पाहिजे. ओळख असली तरी लगेच कायमचं काम मिळत नसे. आधी बदली कामगार व्हायचं. रोज पहाटे गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर परत फिरायचं. काम लागलं तरी पगार महिना भरल्यावर लगेच होत नसे, वर आणखी दहा-पंधरा दिवस जायचे. हिशोब करा. पहिल्या दिवसापासून पहिल्या पगारापर्यंत सहा आठवडे. त्यात बदलीचे रिकामे दिवस धरले तर दोन-तीन महिनेही. गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत त्याला ट्रंक ठेवायला आणि पाठ टेकायला जागा मिळायची. एक पाळीवर गेला की त्याच्या जागी दुसरा झोपायचा. पण जेवण?

त्याच चाळीत, परळला, लालबागला, एका दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई रांधत असायची. खाणावळवाली. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणाचा नवरा आजारी किंवा दारूत बुडालेला. पुष्कळशा गिरणी कामगारांच्याच बायका, एका पगारात भागत नाही म्हणून दहा-पंधरा माणसांचं जेवण करणाऱ्या. सकाळच्या पाळीची माणसं उजाडायच्या आधी डबा मागणार आणि रात्रपाळीची सकाळी जेवणार, म्हणजे तिची चूल चारला पेटायची ती रात्री उशिरापर्यंत विझत नसे. पाणी भरणं, दळण आणणं, भाकऱ्या, कालवण, भांडी, सगळं तिचं. तिला कुणी मावशी म्हणायचं, कुणी वहिनी. पैसे मात्र महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वहीत नाव.

ही वही नीट समजून घ्या. नवा माणूस आला, काम नाही, ओळख एवढीच की तो अमक्याच्या गावचा. ती त्याला जेवू घालते आणि वहीत लिहिते. लिहिता येत नसेल तर भिंतीवर कोळशाने रेघा ओढते, नाहीतर डोक्यात ठेवते. बँक असं कर्ज देत नव्हती, गिरणी देत नव्हती, सरकार तर नाहीच. कोकणातून आलेल्या माणसाला काम शोधायला जो वेळ लागायचा, त्या वेळाचा खर्च या बाईने उचलला. शिवाय कुठल्या खात्यात माणूस कमी आहे, कुठला मुकादम किती चिरीमिरी मागतो, ही बातमीही तिच्या पंगतीतच कळायची.

आणि तिला भांडवल कुठून? वाण्याची उधारी आणि सावकार. गिरणगावात पठाणाचा दर सर्रास रुपयाला महिना एक आणा. आताच्या मुलींना आणे कळणार नाहीत म्हणून सांगते, सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे सोळा महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढं, आणि मुद्दल तसंच उभं. शंभरावर वर्षाला पंचाहत्तर.

मग या बायका गिरणीतच का गेल्या नाहीत, असं कुणी विचारेल. जात होत्या की! १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत एक बाई होती. रिळं आणि कांड्या भरायच्या खात्यांत त्या जास्त. १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला तेव्हा बायका मोर्च्यांत पुढे होत्या. पुढे मालकांनी माणसं कमी करायला घेतली. बाईला रात्रपाळी लावता येत नाही, १९२९ च्या कायद्याने बाळंतपणाचे पैसे द्यावे लागतात, ही कारणं होतीच. कपात पहिली बाईची. १९७० पर्यंत गिरण्यांत बाया अगदी थोड्या उरल्या. कारखान्यातलं काम गेलं, तेव्हा हातात जे कसब होतं त्यावर त्या उभ्या राहिल्या. स्वयंपाक. त्याला कुणी कामगार म्हणालं नाही, कारण तो तर घरचाच, नाही का?

१९७४ च्या सुरुवातीला गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद. माणसं जेवायला येत राहिली, खाणावळवाल्या वाढत राहिल्या. वाण्याने हात आखडला तेव्हा त्यांनी भांडी गहाण टाकली, गळ्यातलं सोनं मोडलं. संप मिटल्यावर गड्यांच्या हातात पगार आला, बाईच्या डोक्यावर कर्ज राहिलं.

हे एका बाईने जवळून पाहिलं. प्रेमा पुरव. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागलेली, पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. त्यांच्या लक्षात आलं की संपाची भाषणं सगळी गड्यांबद्दल होती आणि संप ज्यांच्या चुलीवर चालला त्यांचं नाव कुठल्याच पत्रकात नाही. १९७५ साली त्यांनी खाणावळवाल्यांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तेच आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, आणि आपल्यातल्या बऱ्याच गटांना ठाऊक असलेलं माविमही त्याच वर्षीचं.

सुरुवात झाली १४ बायकांपासून. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, १९७२ पासून गरिबांसाठी चार टक्के व्याजाची कर्ज योजना होती. कागदावर ती याच बायकांसाठी होती. पण बँकेच्या दारात जायचं तर जामीन कोण, पत्त्याचा पुरावा काय, सही येते का? मंडळाने वाट काढली. बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी विचारायचं. बँक ऑफ बडोदाने कर्ज दिलं. हजार रुपयांवर आण्याच्या दराने वर्षाचं व्याज साडेसातशे होतं, बँकेचं चाळीस. उरलेले ७१० रुपये बाईच्या घरात राहिले. कर्ज फिटत गेली तसे गट वाढले, हजारो बायका मंडळात आल्या. बचत गटांना बँकेशी जोडायची नाबार्डची योजना आली ती १९९२ ला, म्हणजे या बायकांनंतर सतरा वर्षांनी. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

मला एक गोष्ट खटकते, ती सांगूनच टाकते. या बायकांविषयी लिहिताना माया, त्याग, अन्नपूर्णेचा अवतार असे शब्द फार येतात. माया होती, नाही म्हणत नाही. पण ज्या बाईला पंधरा माणसांच्या महिन्याच्या जेवणाचा खर्च पैशापर्यंत पाठ असतो, कोण बुडवेल आणि कोण उशिरा का होईना देईल हे चेहऱ्यावरून कळतं, ती व्यवहार करते आहे. त्याग म्हटलं की तिचे पैसे परत करायची गरज उरत नाही.

ते १९८२ साली दिसलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. हा संप ४२ दिवसांत मिटला नाही. वर्ष उलटलं, रीतसर मागेही घेतला गेला नाही. माणसं गावाकडे परतली. संप इतका लांबला तो गावामुळेच, कारण इथे निदान पेज मिळत होती. येणारी मनीऑर्डर थांबली आणि वर एक माणूस ताटावर वाढला. त्या दोन पावसाळ्यांत आपल्याकडच्या बायांनी नाचणीत भागवलं, काजू-कोकम विकलं, मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन वाड्या पालथ्या घातल्या.

तिकडे परळच्या खोलीत वही उघडीच राहिली. वहीतली माणसं गावाला गेलेली, लाखाहून जास्त कामगार गिरणीत परत लागलेच नाहीत. स्वस्त कर्जाने इथे भागलं नाही, कारण जेवणारंच कुणी उरलं नव्हतं. ज्यांना जमलं त्यांनी गिऱ्हाईक बदललं. गिरणीऐवजी ऑफिसांचे डबे, कार्यक्रमांची जेवणं, पापड-लोणची, पुरणपोळ्या. अन्नपूर्णा मंडळही त्याच वाटेने मोठं झालं. ज्या एकट्या होत्या त्यांची चूल बंद झाली.

आपल्या गावालाही असाच एक फटका बसलेला आहे, तो तुम्हाला आठवत असेल. दाभोळचा वीज प्रकल्प आपल्या उशाशी उभा राहिला, त्याच्यासाठी आणि त्याच्याविरुद्ध दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहिली. १९९९ ला वीज सुरू झाली, मे २००१ मध्ये बंद पडली, पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडलं. या पाच वर्षांत बाहेरून आलेली माणसं निघून गेली. त्यांच्यावर ज्यांची दुकानं, गाड्या, खोल्या, डबे चालले होते ती मंडळी इथेच होती. किती उधारी बुडाली याचा हिशोब कंपनीच्या कागदांत मिळायचा नाही. तो मिळाला तर एखाद्या काकूच्या डब्यांच्या वहीतच मिळेल.

तशी वही कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फळीवर असेल, मग ती मुंबईच्या खोलीतून आलेली असो की इथलीच, तर ती रद्दीत घालू नका. गटाच्या बैठकीला घेऊन या. ज्या आजीला अजून नावं आठवतात तिच्याकडून नावं लिहून घ्या, कुणाकडून किती यायचे होते तेही लिहा.