घर खाली करण्याच्या मुदतीची कुळकथा

वकिलाची नोटीस येते, ‘पंधरा दिवसांत जागा खाली करून द्या’ असे तिच्यात लिहिलेले असते, आणि भाडेकरूच्या घरात त्या रात्री कुणाला झोप लागत नाही. हे पंधरा दिवस आले कुठून आणि त्यांचा खरा अर्थ काय, हे ठाऊक असेल तर पुष्कळ घाबरगुंडी टळेल.

मुदतीचे मूळ घरात नाही, शेतात आहे. इंग्लंडात सालोसाल जमीन कसणाऱ्या कुळाला काढायचे तर अर्धे वर्ष आधी सांगावे लागे, आणि ती मुदत बरोबर साल संपतानाच संपावी लागे. पेरणाऱ्याच्याच हाती पीक लागावे, हा त्यातला न्याय. १७८६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्या न्यायालयाने सालाने घेतलेल्या घरालाही हाच नियम लावला.

तोच साचा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने आपल्याकडे आणला. मुंबई इलाख्याला हा कायदा सुरुवातीला लागू नव्हता. तो १८९३ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०६ प्रमाणे शेती किंवा कारखान्यासाठी दिलेल्या जागेला सहा महिने, बाकी जागांना पंधरा दिवस. वर्षाचे निम्मे, तसे महिन्याचे निम्मे, असाच हा हिशेब दिसतो. साल संपण्याची जुनी अटही महिन्याच्या रूपाने कायम राहिली: भाड्याचा महिना संपतो त्याच दिवशी नोटिशीची मुदत संपली पाहिजे.

या अटीने कोर्टकचेऱ्यांत किती वर्षे खाल्ली! भाडे पाच तारखेपासून सुरू झाले असेल तर महिना पुढच्या चार तारखेला संपतो. मालकाने नोटिशीत ३१ तारीख घातली की दावाच कोसळायचा. म्हणून वकील तारखेपुढे एक वाक्य हमखास जोडत: ‘किंवा आपल्या मते भाडेमहिना ज्या दिवशी संपत असेल त्या दिवसाअखेर’. १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने बजावले होते की नोटीस चुका काढण्यासाठी वाचू नये, समजून घेण्यासाठी वाचावी. तरी वाद थांबले नाहीत. अखेर २००३ च्या दुरुस्तीने महिनाअखेरीची अट गेली. आता नोटीस हाती पडल्या दिवसापासून पंधरा दिवस मोजतात.

दरम्यान मुंबईत दुसरीच गोष्ट घडली होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने सांगितले, भाडेकरू ठरलेले भाडे देतो आहे, द्यायला तयार आहे, तोवर त्याला नुसती नोटीस देऊन काढता येणार नाही. कायद्यात दिलेले कारण कोर्टात सिद्ध करावे लागेल. भाडे थकले तर लेखी मागणीनंतर महिनाभर थांबूनच दावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हा महिना नव्वद दिवसांचा केला. शिवाय दाव्याचे समन्स मिळाल्यावर आणखी नव्वद दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह आणि खर्चासह भरली, तर त्या कारणाने ताबा जात नाही.

भाडेकरूंनी मनावर कोरून ठेवावे असे मला वाटते ते हे: नोटिशीची मुदत संपली म्हणजे मालकाला फक्त दावा लावण्याची वाट मोकळी होते. घरातून बाहेर काढतो तो कोर्टाचा हुकूम, आणि तो बजावतो बेलीफ. मालकाने परस्पर कुलूप बदलले तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. पाणी किंवा वीज तोडून माणसाला हुसकावणेही कायद्याला मान्य नाही.

पण आज पुण्या-मुंबईत नव्याने भाड्याने राहणारे बहुतेक जण कायद्याच्या लेखी भाडेकरू नाहीतच. ते ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहतात, बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर. १९९९ च्याच कायद्यातले कलम २४ त्यांच्यासाठी आहे. मुदत संपली की जागा सोडायची. त्यासाठी वेगळ्या नोटिशीची गरज नाही. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो आणि दुप्पट शुल्काची भरपाई मागे लागते. मुदतीआधी किती दिवसांची सूचना मिळणार, हे करारातले कलम ठरवते, म्हणून सही करण्याआधी ते कलम वाचायलाच हवे. प्राधिकाऱ्याचे समन्स आले तर तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागायची असते. ते राहून गेले, तर मालकाचे म्हणणे मान्य आहे असे धरून हुकूम होतो.