सालवण आणि पिठवण : ओळखीच्या सहा सूत्रांवर भाष्य

वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे वडसा आणि आरमोरी. दोन्ही काठांवरच्या सागवान-ऐनाच्या पानझडी रानात शिंबी कुळातल्या अनेक लहान वनस्पती वाढतात. उन्हाने किंवा वणव्याने त्यांचा वरचा भाग गेला तरी मूळ जिवंत राहते आणि पावसाबरोबर पुन्हा फुटते. त्यांतल्या दोघींना औषधी बाजारात कायम मागणी असते, कारण दशमुळातल्या लघुपंचमुळात डोरली, भुईरिंगणी आणि गोखरू यांच्या जोडीला त्याच येतात : सालवण (डेस्मोडियम गँजेटिकम) आणि पिठवण (युरारिया पिक्टा). त्यांच्या बहिणीही त्याच रानात असतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. तो टाळण्यासाठी पुढची सहा सूत्रे रचली आहेत.

१. पान आधी दिसते, निर्णय शेंगेचा.

आषाढात रान हिरवे होते तेव्हा हाती फक्त पान असते, म्हणून बहुतेक ओळखी पानावरून होतात. पण सावलीतले पान रुंद आणि पातळ होते, माळावरचे अरुंद आणि जाड. शेंगेची घडण अशी बदलत नाही. कोणी म्हणेल, वैदू तर पानावरूनच ओळखतात. खरे आहे, पण ते झाड त्याच जागी वर्षानुवर्षे पाहत आलेले असतात, त्याची शेंग त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली असते. नवख्याजवळ ती पुंजी नसते. शिंबी कुळातच, पश्चिम अमेरिकेतल्या रानटी बहुवर्षायू ल्युपिनांच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. तिथे पंजासारखे पान साऱ्याच जातींना असते. मग अभ्यासक फुलाकडे वळतात आणि ध्वजदलाच्या पाठीवर लव आहे का, नौतलाच्या कडेला केस आहेत का, हे भिंगाखाली पाहतात.

२. सालवणीची पर्णिका एकटी. सांध्याशी दोन उपपर्णिका.

सालवणीचे पान साधे वाटते. लांबट अंडाकृती, टोकदार, खालून फिकट आणि मऊ लवेचे. पण देठ आणि पाते जिथे जुळतात तिथे दोन बारीक सुयांसारख्या उपपर्णिका दिसतात. म्हणजे हे मुळात संयुक्त पान, त्याची एकच पर्णिका उरली आहे. ही खूण सालवण इतर साध्या पानांच्या रोपांपासून वेगळी काढते. आपल्याच गोतातल्या एकपर्णिकी बहिणींपासून मात्र काढत नाही, म्हणून चौथे सूत्र लागते.

३. पिठवणीचे वरचे पान पाहावे, खालचे नव्हे.

पूर्ण वाढलेल्या पिठवणीबद्दल सहसा शंका राहत नाही. वरच्या पानांत पाच ते नऊ लांब, अरुंद पर्णिका आणि मधल्या शिरेलगत पांढुरका पट्टा. पण बुंध्याजवळच्या पानांत एक ते तीनच पर्णिका असतात आणि त्या रुंद असतात. कोवळ्या रोपाला तर फक्त अशीच पाने असतात. ते रोप सालवण समजून उपटले जाते. म्हणून सूत्रात ‘वरचे’ म्हटले आहे, आणि वरचे पान आलेच नसेल तर थांबावे, हे त्यातच आले.

४. चिकटेल ती डेस्मोडियम. चिकटली म्हणून सालवण नव्हे.

सालवणीची शेंग चपटी असून तिला सहा-आठ पेरे असतात. वरची कड जवळजवळ सरळ, खालची खाचांची. पेरांवरचे आकडेदार केस धोतराला, लुगड्याला धरतात आणि पेरे एकेक सुटून दूर जातात. पिठवणीची शेंग याच्या उलट : तीन ते सहा पेरे पेटीच्या भात्यासारखी एकावर एक दुमडलेली, गुळगुळीत, करडी आणि चकचकीत. ती कापडाला धरत नाही. सूत्राचा पूर्वार्ध इथे सिद्ध झाला. पण डेस्मोडियम व्हेल्युटिनमही चिकटते आणि तिचेही पान एकपर्णिकी असते. तेव्हा उत्तरार्धासाठी बोट लावून पाहावे. तिचे पान जाड आणि दोन्ही बाजूंनी मखमली, मंजरीही दाट. सालवणीचे पान पातळ आणि मंजरी विरळ. कापड फक्त गोत सांगते, जात ठरवायला पान आणि मंजरी दोन्ही लागतात.

५. आखूड केसाळ तुरा, जमिनीलगत फांद्या : ती दुसरी.

युरारिया लॅगोपोडिऑइडिस हीही काही प्रांतांत, विशेषतः बंगालमध्ये, पृश्निपर्णी म्हणजे पिठवण म्हणून वापरतात. ती पसरते, पिठवण ताठ उभी राहते. हिच्या पर्णिका एक ते तीन, रुंद, बोथट. पिठवणीच्या अरुंद आणि अधिक. पिठवणीचा तुरा लांब दंडगोल, हिचा आखूड, आणि निदलपुंजाच्या लांब केसांनी भरलेला. दुमडलेली शेंग दोघींची, म्हणून शेंग इथे पुरत नाही. पहिल्या सूत्राचा हा अपवाद. एक वैद्य एकीला मानतो, दुसरा दुसरीला. तो वाद वैद्यांनी मिटवावा. रानातल्या माणसाने दोन्ही एकाच पोत्यात भरू नयेत, एवढेच सूत्राचे म्हणणे.

६. नाव ठरल्यावरच कुदळ.

हे सूत्र शेवटी ठेवले, पण बाकीची पाच याच्यासाठी आहेत. पाने, तुरा, शेंग काढून मूळ वाळवले की वरच्या साऱ्या खुणा गेल्या. मग प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाशिवाय उपाय नाही. शिवाय बहुवर्षायू झाडाचे मूळ काढणे म्हणजे ते झाडच संपवणे. चुकीचे झाड खणले तर औषधही मिळत नाही आणि रानही उणे होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी जंगलात राहणाऱ्यांना दिली; गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. मालकीबरोबर मालाच्या नावाची जबाबदारीही ग्रामसभेकडे येते. ती निभावायला दोन नियम पुरतात. खणती पेरे गळून पडल्यावर, म्हणजे बी जमिनीत गेल्यावर करावी, आणि त्याआधीच शेंगा असताना झाडांना खुणेची चिंधी बांधून ठेवावी. मुळांच्या प्रत्येक गाठोड्यात त्याच जागची, शेंगेसह वाळवलेली एक फांदी घालावी. व्यापाऱ्याने शंका काढली तर वाद घालावा लागत नाही. फांदी काढून दाखवली की झाले.