व्यापारी मंडळे आणि जनतेचा कौल

मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांऐवजी एखादा प्रश्न छापलेला असावा, हा अनुभव आपल्याकडे विरळाच. मराठी वाचकाला त्या संदर्भात आठवतो तो १६ जानेवारी १९६७ रोजीचा गोव्याचा कौल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र कर, विमा, कामगारांचे हक्क अशा नाना विषयांवरील प्रस्ताव वरचेवर थेट मतदारांपुढे येतात. या प्रस्तावांविषयी तेथील व्यापारी मंडळांनी घेतलेल्या भूमिकांचा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो. कारण ज्यांना आवर घालण्यासाठी ही पद्धत जन्मास आली, त्यांनीच ती पुढे आत्मसात केली.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे राज्याच्या राजकारणावर विलक्षण वर्चस्व होते. तिला राजकारणातून हुसकावून लावण्याचे अभिवचन देऊन हायरम जॉन्सन १९१० साली गव्हर्नरपदी निवडून आले. १० ऑक्टोबर १९११ रोजी मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि ठरावीक संख्येने सह्या गोळा करून कायद्याचा प्रस्ताव स्वतः मांडण्याचा अधिकार नागरिकांना मिळाला. विधिमंडळ विकले गेले तरी जनता विकली जाणार नाही, हा त्यामागील विश्वास होता.

व्यापाऱ्यांनीही लवकरच ओळखले की, विधिमंडळाप्रमाणे जनतेचीही मनधरणी करावी लागणार. प्रस्ताव आला की वाणिज्य मंडळाचे कार्यकारी मंडळ त्याची छाननी करते आणि पाठिंबा, विरोध वा तटस्थता यांपैकी एक भूमिका ठरविते. सभासदांचे हितसंबंध परस्परांस छेद देत असतील, तर तटस्थता हाच सोयीचा मार्ग ठरतो. सरकारी माहितीपुस्तिकेत प्रस्तावाच्या बाजूची व विरुद्ध बाजूची निवेदने सह्यांनिशी छापली जातात. तेथे कोणाची सही आहे, यालाही महत्त्व असते. शिवाय पैसा असतोच. २६ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, अशा प्रस्तावांच्या प्रचारावर कंपन्यांनी खर्च करण्यास राज्य बंदी घालू शकत नाही.

पुढच्याच जून महिन्यात कॅलिफोर्नियात तेरावा प्रस्ताव मतास आला. हॉवर्ड जार्व्हिस व पॉल गॅन हे त्याचे प्रवर्तक. मालमत्ताकर मूल्याच्या एक टक्क्यापुरता मर्यादित करावा, मूल्य १९७५ सालच्या पातळीवर आणावे, त्यात वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढ करू नये आणि मालकी बदलल्यावरच नव्याने आकारणी करावी, असा त्याचा आशय होता. ही सवलत राहत्या घरांपुरती नव्हती; दुकाने, कचेऱ्या व कारखानेही तीत येत होते. असे असूनही अनेक बड्या कंपन्यांनी या प्रस्तावाला विरोध केला व विरोधी प्रचारास देणग्या दिल्या. राज्याची तिजोरी रिती झाली की तूट आपल्याच खिशातून भरून काढली जाईल, ही त्यांची भीती होती. ६ जून १९७८ रोजी सुमारे पासष्ट टक्के मतदारांनी प्रस्ताव संमत केला.

मालमत्ताकराचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले. शाळा व स्थानिक संस्था राज्याच्या मदतीवर अवलंबून राहू लागल्या. व्यापाऱ्यांना मात्र नको असलेले दान मोठे फळले. माणूस घर विकतो वा मरण पावतो. कंपनी मरत नाही, आणि तिचे भाग हातोहात फिरले तरी नियंत्रण एकाच हाती गेल्यावाचून मालकी बदलली असे धरले जात नाही. जुने मूल्य कायम राहिले.

२०२० साली मोठ्या व्यापारी मालमत्तांची आकारणी बाजारभावाने करावी, असा पंधरावा प्रस्ताव आला. त्यातून वर्षाला साडेसहा ते साडेअकरा अब्ज डॉलर मिळतील, असा सरकारी अंदाज होता. राज्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सने त्याला कडाडून विरोध केला. प्रचारात पुढे उभे केले गेले ते लहान दुकानदार व शेतकरी; वस्तुतः तीस लाख डॉलरपर्यंतच्या मालमत्तेच्या धारकांना व शेतजमिनीला प्रस्तावात सूट होती. सुमारे बावन्न टक्के मते विरोधात पडून तो फेटाळला गेला.

पैसा नेहमीच जिंकतो असे नाही. १९८८ साली विमा कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर खर्चूनही हप्ते कमी करणारा एकशे तिसरा प्रस्ताव संमत झाला. १९७८ मध्ये तर श्रीमंतांना स्वतःचे हितही ओळखता आले नव्हते. तथापि एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. मतदार एका दिवसापुरता जमतो आणि पांगतो. व्यापारी मंडळ कायम बसलेले असते, चुकीतून शिकते आणि पुढच्या प्रस्तावाची वाट पाहते. सरकारी टिप्पणी वाचताना अभिप्रायाखालची सही आधी पाहण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते. जनतेच्या कौलाचा इतिहास वाचतानाही ती सोडू नये, असे आम्हांस वाटते.