पिन तेरा आणि पिन चौदा

टीव्हीच्या पाठीमागे एचडीएमआयची तीन-चार सॉकेटं असतात. दिसायला सगळी सारखी, पण त्यांतल्या एकाच्याच शेजारी बारीक अक्षरांत ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ छापलेलं असतं. साउंडबार बसवायला आलेला माणूस मोबाइलचा टॉर्च लावून आधी ती अक्षरं शोधतो. दुसऱ्या सॉकेटात वायर खोचली तर सगळं नीट जोडल्यासारखं दिसतं, साउंडबारचा दिवाही लागतो, फक्त आवाज येत नाही. साउंडबारवर दोन सॉकेटं असली तर त्यांतलं ‘आउट’ लिहिलेलं घ्यायचं असतं. म्हणजे जिथून आवाज आत यायचा आहे, त्या भोकावर ‘बाहेर’ असं लिहिलेलं! कोणाही शहाण्या माणसाची इथे फसगत व्हावी. हा उलटा कारभार समजून घ्यायचा तर थेट फ्रान्सपर्यंत मागे जावं लागतं.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या रेडिओ-टीव्ही कारखानदारांच्या संघटनेने टीव्हीसाठी एक सॉकेट ठरवलं. संघटनेच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘स्कार्ट’ झालं. खुद्द फ्रान्समध्ये त्याला ‘पेरिटेल’ म्हणत. २१ टोकांचं हे धूड १९८० पासून फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या टीव्हीवर सक्तीचं झालं आणि पुढे युरोपभर पसरलं. आपल्याकडे ते फारसं आलंच नाही. आपण लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांवर वाढलो. त्या पिनांचं घराणं अमेरिकेच्या आरसीए कंपनीचं, रेडिओला ग्रामोफोन जोडण्यासाठी काढलेलं. एका वायरीला एक काम आणि एकच दिशा. चुकलं तर डोळ्यांना दिसायचं, कारण पिवळी पिन लाल भोकात गेलेली असायची.

स्कार्ट कुरूप होतं, सैल बसायचं, धक्का लागला की निसटायचं. पण त्याच्या पोटात अक्कल होती. आठव्या टोकावर व्हिडिओ प्लेअर सुमारे १२ व्होल्ट दाब सोडायचा आणि टीव्ही समजायचा, कॅसेट सुरू झाली, आता चॅनल सोडून तिकडे वळायचं. रिमोट शोधायची गरज नाही. पुढे रुंद पडद्याचा जमाना आल्यावर त्याच टोकावर सहाएक व्होल्ट दिसले की चित्र १६:९ आहे, असा संकेत ठरला. दहावं टोक यंत्रांना एकमेकांशी बोलण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. फिलिप्सने त्या बोलण्याला ‘ईझीलिंक’ म्हटलं, सोनीने ‘स्मार्टलिंक’, पॅनासॉनिकने ‘क्यू-लिंक’. आणि आपल्या गोष्टीसाठी सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, एकाच वायरीतून आवाज टीव्हीत जायचा आणि टीव्हीतून बाहेरही यायचा. दोन्हींसाठी वेगळी टोकं मुळातच राखलेली होती. टीव्हीवरचा कार्यक्रम व्हीसीआरवर टेप करायचा, तर हे लागणारच होतं.

जपानमध्ये याच सुमारास दुसरी शाखा फुटली. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्सची सीडी बाजारात आली आणि १९८३ मध्ये तोशिबाने आपल्या सीडी प्लेअरसाठी ‘टॉसलिंक’ काढलं: एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतू आणि त्यातून धावणारा लाल उजेड. टीव्हीमागचं चौकोनी झाकणाचं ‘ऑप्टिकल’ भोक ते हेच. तांब्याची वायरच नसल्याने दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून येणारी ५० हर्ट्झची घरघर इथे येत नाही. नव्या वायरीच्या टोकांवर इवलीशी पारदर्शक टोपणं असतात. ती काढायची राहिली तर वायर नीट बसत नाही आणि आवाज गप्प होतो. दुरुस्तीच्या सगळ्या प्रकारांत याहून स्वस्त काही नाही. ऑप्टिकलची मर्यादा जन्मातच आहे. सीडीच्या दोन चॅनलांना पुरेल एवढीच ती वाट. डॉल्बी डिजिटलचे सहा चॅनल त्यातून जातात ते दाबून लहान केल्यावर. शिवाय उजेड इथे एकाच दिशेला जातो, त्यामुळे ‘आवाज वाढव’ हा टीव्हीच्या रिमोटचा निरोप या वायरीतून साउंडबारपर्यंत पोचण्याची सोयच नाही.

मग डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय आलं. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा अशा सात कंपन्यांनी मिळून ते ठरवलं. स्कार्टच्या काळात टोकं वाटून घेणाऱ्या कंपन्या यांतही होत्या, पण सॉकेटाचा बाप वेगळा होता. कम्प्युटरच्या पडद्यासाठी १९९९ मध्ये निघालेलं डीव्हीआय, ज्यात आवाज नव्हताच. एचडीएमआयने आवाज घुसवला तो चित्राच्या फटींतून. जुन्या काचेच्या ट्यूबमध्ये एक ओळ रंगवून झाल्यावर किरण परत मागे यायला क्षणभर वेळ घ्यायचा. ट्यूब गेली तरी सिग्नलमधला तो मोकळा वेळ राहिला होता. आवाज तिथे बसला. साहजिकच चित्र ज्या दिशेने जाईल, त्याच दिशेने आवाज जाणार: प्लेअरकडून टीव्हीकडे. स्कार्टकडे असलेली परतीची वाट नव्या पिढीने टाकून दिली.

त्या वेळी कोणाला चुकल्यासारखं वाटलं नसावं. प्लेअर, मग ॲम्प्लिफायर, मग टीव्ही अशी रांग होती आणि आवाज टीव्हीपर्यंत पोचण्याआधीच ॲम्प्लिफायरमध्ये उतरून घेतला जायचा. म्हणून तर त्याच्यावरचं टीव्हीकडे जाणारं भोक ‘आउट’. साउंडबारने ती पाटी जशीच्या तशी वारशात घेतली. स्कार्टच्या दहाव्या टोकावरची कुजबुज मात्र वाचली. ती एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी तेराव्या पिनवर आली, ‘सीईसी’ नावाने. चौदावी पिन राखीव म्हणून मोकळी ठेवली. कुणीतरी दूरचा विचार केला होता म्हणायचं.

पुढच्या काही वर्षांत टीव्ही चपटा झाला आणि भिंतीवर गेला. समोर स्पीकर बसवायला जागा उरली नाही, ते खाली किंवा मागे तोंड करून बसले, आणि संवाद ऐकू येईनासे झाले. लांबट पेटीतले स्पीकर आधीपासून होते. आल्टेक लॅन्सिंगने १९९८ मध्ये काढलेली एडीए १०६ ही पहिल्या साउंडबारांत धरली जाते. पण त्यांना खरा भाव आला तो चपट्या टीव्हीमुळे. त्यातच टीव्ही स्वतः इंटरनेटवरून सिनेमे आणू लागला. आता आवाज जन्मत होता टीव्हीच्या आत आणि त्याला जायचं होतं बाहेर, वायर मात्र फक्त आत येणारी. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ मध्ये ती राखीव चौदावी पिन कामी आली. तिच्यावरून टीव्हीतला आवाज उलटा बाहेर पाठवायचा, हेच एआरसी. पाठवायची भाषा नवी नव्हती. ऑप्टिकलमधून जाणारीच ती जुनी सोनी-फिलिप्सची पद्धत तांब्यावर आणली होती. स्ट्रीमिंगचा डॉल्बी ॲटमॉस एआरसीवरून जाऊ शकतो, कारण तो दाबलेला असतो. ब्लू-रेवरचा न दाबता ठेवलेला मोठा आवाज जात नाही, तो याचमुळे.

सहसा एकाच सॉकेटात चौदाव्या पिनला ही जोडणी दिलेली असते, म्हणून ती टॉर्च घेऊन शोधाशोध. खरी गंमत मात्र पुढे आहे. आवाज चौदाव्या पिनवरून जातो, पण तो जावा की नाही हे ठरतं तेराव्या पिनवरच्या बोलण्यात. सीईसीमध्ये प्रत्येक यंत्राला नंबर असतो. टीव्ही ०. प्लेअरसाठी ४, ८ आणि ११ असे तीन. आवाजाच्या यंत्रासाठी फक्त एक, ५. साउंडबार सुरू झाला की स्वतःच्याच नावाने ५ नंबरला रिकामी हाक मारतो. कुणी ओ दिली नाही, तर नंबर त्याचा. मग दोन वेगळी बोलणी होतात. एकात साउंडबार टीव्हीला सांगतो, ‘आवाजाचं माझ्याकडे आलं, तू तुझे स्पीकर बंद कर.’ दुसऱ्यात सांगतो, ‘आता एआरसी सुरू कर’, आणि टीव्ही ‘केलं’ म्हणून कळवतो. पहिलं बोलणं जमलं आणि दुसरं फिसकटलं, तर टीव्ही गप्प आणि साउंडबारही गप्प. पडद्यावर आवाजाचे आकडे वाढत राहतात आणि घरात पाहुणे वाट बघत बसतात.

सीईसीची पिन जोडणं बंधनकारक, पण तिच्यावर बोलणं ऐच्छिक. त्यात प्रत्येक कंपनीने नाव आपापलं ठेवलं: सॅमसंगचं ‘एनीनेट प्लस’, एलजीचं ‘सिम्पलिंक’, सोनीचं ‘ब्राव्हिया सिंक’. फिलिप्सने तर स्कार्टच्या काळातलं ‘ईझीलिंक’च पुढे चालवलं. सेटिंगमध्ये हे नाव बंद असलं तर एआरसीला सुरू व्हायचा निरोपच मिळत नाही. एकाच गोष्टीला इतकी टोपणनावं देण्यामागे ग्राहकाची सोय होती, यावर माझा विश्वास नाही.

‘दोन्हींची वायर प्लगमधून काढा, थोडा वेळ थांबा, परत लावा’ हा मेकॅनिकचा पहिला उपाय इथेच लागू पडतो. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद नसतो. तो स्टँडबायवर तेराव्या पिनला कान लावून असू शकतो, आणि अर्धवट राहिलेलं बोलणं त्याच्या डोक्यात तसंच राहतं. वीज तोडली की ते पुसलं जातं आणि नंबर मागण्यापासून सगळं नव्याने सुरू होतं. लोडशेडिंगच्या दिवसांत ही दुरुस्ती आपोआप आणि फुकट होत असे. तरीही आवाज आला नाही, तर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’, म्हणजे न दाबलेला साधा आवाज, निवडून पाहावं. आवाज आला, तर वायर आणि बोलणी दोन्ही ठीक आहेत. टीव्ही पाठवत असलेला आवाजाचा प्रकार साउंडबारला उलगडत नाही, एवढंच.

२००९ च्या त्याच आवृत्तीत चौदाव्या आणि एकोणिसाव्या पिनांच्या जोडीवरून टीव्हीला इंटरनेटही पुरवायचा बेत होता. वायरींच्या खोक्यांवर ‘विथ इथरनेट’ छापलं गेलं, पण वापरलं जवळपास कोणीच नाही. घरोघर वायफाय आलं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ ने हीच पडून राहिलेली जोडी ईएआरसीला दिली. तिच्यावरून सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत आवाज जातो, ब्लू-रेचा न दाबलेला आवाजही मावतो आणि ओठ-आवाजाचा मेळ राखण्याची सोय सक्तीची झाली. म्हणून ‘विथ इथरनेट’ छापलेली जुनी वायर फेकून देऊ नये. एकमेकांची ओळख पटवायलाही ईएआरसीला तेराव्या पिनची गरज लागत नाही. ती बोलणी त्याच जोडीवरून होतात.

आवाज कमी-जास्त करणं मात्र अजून तेराव्या पिनवरच आहे. तिचा वेग सेकंदाला सुमारे ४०० बिट. एका बिटाला २.४ मिलिसेकंद धरले, तर ‘आवाज वाढव’ हा एक निरोप पोचायला ७५ मिलिसेकंदांच्या वर लागतात. बटण दाबून धरल्यावर आकडा टप्प्याटप्प्याने चढताना दिसतो, त्याला हाही वेग कारण असतो. ईएआरसीवर आवाज झकास येतोय, पण टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होत नाही, अशी तक्रार असेल, तर वायर बदलायला जाऊ नये. सेटिंगमध्ये जाऊन ते सिम्पलिंक किंवा एनीनेट चालू आहे का, तेवढं बघावं.